दोन ‘पीअरलेस’

१८६२ च्या ऑक्टोबरात ‘पीअरलेस’ नावाचं एक जहाज मुंबईहून लिव्हरपूलला निघालं. डिसेंबरात त्याच नावाचं दुसरं जहाज त्याच बंदरातून, त्याच बंदराकडे निघालं. दोन्हींत कापसाच्या गाठी होत्या. जहाजमालकांना हे नाव भारी आवडायचं. त्या काळी समुद्रावर फिरणाऱ्या दहाएक जहाजांचं हेच नाव होतं. म्हणूनच वर्तमानपत्रं जहाजांच्या येण्याजाण्याच्या याद्या छापताना नावाशेजारी कप्तानाचं आडनावही छापत.

लिव्हरपूलमधल्या एका सौद्याच्या कागदावर हे आडनाव लिहिलं गेलं नाही. त्यातून रॅफल्स विरुद्ध विकेलहाऊस हा खटला उभा राहिला. जिथे जिथे इंग्रजी परंपरेतला कायदा शिकवला जातो, तिथे तिथे करारांच्या पहिल्या धड्यांतच हा खटला विद्यार्थ्याला भेटतो. तो सांगण्याची रीतही ठरलेली आहे: विकणाऱ्याच्या मनात एक जहाज, घेणाऱ्याच्या मनात दुसरं, मनं जुळली नाहीत, म्हणून करारच झाला नाही. मला हे सांगणं फार अपुरं वाटतं. त्यात कापूस नाही, भाव नाही, वाटेत गेलेले चार महिने नाहीत. आणि न्यायालयाने प्रत्यक्षात काय ठरवलं, तेही त्यात नीट येत नाही.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक माल तिथून यायचा. तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असायचा. हा पुरवठा आटला तशा लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १८६२ च्या हिवाळ्यात तिथे मदतीच्या अन्नावर जगणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास गेली. हिंदुस्थानी कापसाचा इंग्लंडच्या आयातीतला वाटा १८६० साली जेमतेम सहावा हिस्सा होता. दोनच वर्षांत तो तीन चतुर्थांशाच्या घरात पोचला.

हा सगळा माल इंग्लंडात ‘सुरत’ या एकाच नावाने ओळखला जाई. मग तो सुरतेचा असो, भरुचचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडातला. लँकेशायरच्या कामगारांना तो नकोसा होता. धागा आखूड, सूत सारखं तुटायचं, तुटलेलं जोडण्यात वेळ जायचा आणि मजुरी मात्र निघालेल्या कापडावर मिळायची. रुईत सरकी, पालापाचोळा, माती, कधी वजन वाढावं म्हणून मारलेलं पाणीही सापडे. प्रार्थनेत कोणी ‘देवा, कापूस दे’ म्हणालं की मागून कामगाराचा आवाज यायचा, ‘पण सुरत नको’, असा एक किस्सा त्या दिवसांतला सांगतात. मुंबई सरकारलाही भेसळीची ही तक्रार नवी नव्हती. १८२९ साली त्यावर एक नियम झाला होता. १८६३ साली नवा, अधिक कडक कायदा आला.

आपल्या खटल्यातला माल ढोलेऱ्याच्या जातीचा होता. ढोलेरा हे खंबायतच्या आखातावरचं बंदर. काठियावाड आणि अहमदाबादेकडचा कापूस तिथून गलबतांत चढे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला येई. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाची वाट याहून खडतर होती. भोर घाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली आणि थळ घाटातून १८६५ साली, त्यामुळे तोवर बैलगाड्यांवरच सारी भिस्त होती. मुंबईत या मालाचा बाजार कुलाब्याला भरे. आज ‘कॉटन ग्रीन’ म्हटलं की शिवडीकडचं स्टेशन आठवतं, पण तो बाजार फार पुढे तिकडे गेला. १८४४ पासून कापसाचं मैदान कुलाब्यालाच होतं. गलबतांतून सैल गठ्ठे उतरायचे, गठ्ठ्याच्या पोटात हात घालून मूठभर रुई उपसली जायची. दलाल ती दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचा, मग उजेडाकडे धरून कचरा बघायचा. पसंत पडलेला माल दाबयंत्रात घालून त्याच्या घट्ट गाठी बांधल्या जात. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं ते १८६३ साली, म्हणजे कापसाच्या पैशाने ही मुंबई बदलत होती त्याच दिवसांत.

आपल्याकडच्या बाजारांत सौदा करण्याची एक जुनी तऱ्हा होती. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळायचं नाही. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर, हे कोणी कोणाला सांगत नसे. त्या दिवशीचा चालू भाव दोघांनाही ठाऊक असे आणि त्यावरूनच बोटांचा अर्थ लागे. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, बाजार समित्यांच्या कायद्यांनी ती बंदही केली, कारण शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव तिच्यात दिसत नसे. पण दोन जाणत्या व्यापाऱ्यांमध्ये ती चालायची, आणि का चालायची हे ध्यानात घेण्यासारखं आहे. दोघांसमोर एकच ढीग असे, दिवस एकच असे, आणि हात हातात असे. कोणता माल, हा प्रश्नच उद्भवत नसे.

लिव्हरपूलमध्ये यातलं काहीच नव्हतं. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून सात वर्षं होती. कापसाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून शिडांच्या बळावर जायचं. प्रवासाला चार महिने सहज लागत. टपाल मात्र आगबोटीने सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुन्हा आगबोटीने, असं महिन्याभरात इंग्लंडला पोचे. मुंबई-लंडन तार अजून सुरू झालेली नव्हती. त्यामुळे माल केपच्या वळणावरही पोचलेला नसताना त्याची बिलं, जहाजाची पावती आणि नमुने लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याच्या टेबलावर येऊन पडलेले असत. कागद हातात आहे, माल समुद्रात आहे आणि भाव रोज हलतो आहे. अशा वेळी व्यापारी स्वस्थ बसत नाही. टाउन हॉलच्या मागच्या फरसबंद चौकात दलाल उघड्यावर उभे राहून सौदे करत. तिथे समुद्रातल्या मालाचीही विक्री सुरू झाली. कागदावर लिहायचं: अमुक जहाजाने, अमुक बंदराहून येणारा माल. जहाज आलं तर सौदा पुरा, वाटेत बुडालं तर कोणाचं कोणाला देणं नाही.

भाव किती हलत होता हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुरत कापूस युद्धाआधी पौंडाला पाच पेन्सच्या आसपास मिळे. १८६४ मध्ये तो वीस पेन्सच्या वर गेला. आणि ही चढण सरळ नव्हती. अमेरिकेहून लढाईची बातमी आली की भाव उसळायचा, तहाची कुणकुण लागली की कोसळायचा. फेब्रुवारीत येणारा माल आणि एप्रिलात येणारा माल दर्जाने अगदी सारखा असला, तरी व्यापाऱ्याच्या लेखी ते दोन वेगळे माल होते.

रॅफल्सने विकेलहाऊस आणि बुश या भागीदारांना १२५ गाठी विकल्या. सुरत कापूस, ढोलेरा जात, ‘मिडलिंग फेअर’ दर्जाची हमी, ‘पीअरलेस’ जहाजाने मुंबईहून येणारा, भाव पौंडाला सव्वासतरा पेन्स; माल धक्क्यावरून उचलायचा आणि आल्यानंतर ठरल्या मुदतीत पैसे द्यायचे. मुंबईची गाठ ३९२ पौंडांची धरली, तर हा ४९,००० पौंडांचा माल झाला. त्याची किंमत सुमारे साडेतीन हजार पौंड, तेव्हाच्या दराने पस्तीस हजार रुपये. बाजार नुसता एक पेनी इकडचा तिकडे झाला तरी दोनशे पौंडांचा फरक पडत होता.

पहिलं ‘पीअरलेस’ १८६३ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलला लागलं. रॅफल्सने त्यावरून काही दिलं नाही. दुसरं एप्रिलात लागलं, तेव्हा रॅफल्स १२५ गाठी घेऊन पुढे आला. भागीदारांनी माल नाकारला. रॅफल्सने नुकसानभरपाईचा दावा लावला.

इथे कज्जाची रीत समजून घ्यायला हवी, कारण सगळी गुंतागुंत तिच्यात आहे. प्रतिवादींनी लेखी उत्तर दिलं: आम्हाला अभिप्रेत असलेलं ‘पीअरलेस’ ऑक्टोबरात मुंबईहून सुटलेलं होतं; वादीने देऊ केलेला कापूस डिसेंबरात सुटलेल्या दुसऱ्या ‘पीअरलेस’वरचा आहे. यावर रॅफल्सच्या बाजूने पुरावा मागितला गेला नाही. त्यांनी आक्षेप घेतला तो असा, की तुम्ही सांगता ते सगळं घटकाभर खरं मानलं, तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने तुमची सुटका होत नाही. अशा आक्षेपावर साक्षीदार येत नाहीत, ज्युरी बसत नाही. फक्त वकील बोलतात आणि न्यायाधीश ठरवतात.

२० जानेवारी १८६४ रोजी वेस्टमिन्स्टरमध्ये एक्स्चेकर न्यायालयापुढे हे प्रकरण आलं. मुख्य न्यायाधीश सर फ्रेडरिक पोलॉक ऐंशी वर्षांचे होते. त्यांच्यासोबत मार्टिन आणि पिगट हे दोघे. रॅफल्सचे वकील मिलवर्ड बोलायला उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. करार कापसाचा आहे. ठरलेल्या जातीचा, ठरलेल्या दर्जाचा कापूस, ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने, मुंबईहून आला आहे. यातली कोणती अट पुरी झाली नाही? जहाजाचं नाव घातलं ते जहाज बुडाल्यास करार संपावा एवढ्यासाठी.

पोलॉक म्हणाले, दोघांना एकच जहाज अभिप्रेत होतं की नाही हे ज्युरीने ठरवायचं. मिलवर्ड म्हणाले, सौदा जहाजाचाच असता तर तसं झालं असतं; इथे सौदा जहाजातल्या कापसाचा आहे. त्यावर पोलॉकनी विचारलं, एका वखारीतला माल विकत घेतला असेल तर दुसऱ्या वखारीतला तसाच माल देऊन चालेल का? मार्टिन म्हणाले, तुम्ही तर प्रतिवादीवर त्याने न केलेला करार लादताय. मिलवर्डनी मग ठेवणीतला मुद्दा काढला. लेखी करार वरकरणी स्वच्छ आहे, त्याच्याविरुद्ध तोंडी पुरावा घेता येत नाही. फसवणुकीचा आरोपही कोणी केलेला नाही. मनात काय होतं ते करार करतानाच सांगितलं नसेल, तर त्याला किंमत नाही.

मग पोलॉक एवढंच म्हणाले: एक जहाज ऑक्टोबरात निघालं आणि एक डिसेंबरात. मिलवर्डनी उत्तर दिलं की जहाज सुटण्याची वेळ हा कराराचा भागच नाही.

सगळ्या युक्तिवादात मला हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बाजू कागदावरच्या त्याच एका शब्दाकडून दोन वेगळी कामं करून घेत होत्या, हे त्यात उघड होतं. रॅफल्सच्या लेखी जहाजाचं नाव ही संकटातून सुटायची वाट होती. जहाज बुडालं तर आपल्यावर दुसरा माल पैदा करून द्यायची पाळी येऊ नये, बस्स. विकेलहाऊस आणि बुश यांच्या लेखी तेच नाव म्हणजे तारीख होती. करारात ना महिना होता, ना दिवस. माल साधारण केव्हा येईल, पैसे केव्हा उभे करायचे, पुढे तो कोणाला विकायचा, हे कळायला त्या नावाखेरीज दुसरा आधार नव्हता. जहाजांच्या याद्या बघायच्या आणि हिशेब करायचा. ज्या बाजारात दोन महिन्यांत भाव कुठल्या कुठे जातो, तिथे सुटण्याची वेळ कराराचा भाग नाही असं घेणाऱ्याला सांगणं म्हणजे त्याने जे घेतलं तेच काढून घेणं होय.

प्रतिवादींतर्फे मेलिश उभे राहिले. त्यांचे सहकारी कोहेन. मेलिशनी फार वेळ घेतला नाही. करार वाचून कोणतं विशिष्ट जहाज हे दिसत नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण मुंबईहून त्याच नावाची दोन जहाजं सुटणार होती हे समोर आलं की शब्दातली लपलेली संदिग्धता उघडी पडते. मग कोणाला काय अभिप्रेत होतं, याचा तोंडी पुरावा घेता येतो. आणि दोघांना दोन वेगळी जहाजं अभिप्रेत असतील, तर एका गोष्टीवर संमती झालीच नाही, करारही नाही. एवढं झाल्यावर न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. ऐकायचं ते ऐकून झालं होतं. निकाल एका ओळीचा: प्रतिवादींच्या बाजूने.

कारणं दिली नाहीत. मनं जुळली नाहीत म्हणून करार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. ते वकील म्हणाला. न्यायालयाने मेलिशचा सगळा युक्तिवाद स्वीकारला, की फक्त पहिला अर्धा, म्हणजे तोंडी पुराव्याला दार उघडं आहे एवढाच, हे निकालात लिहिलेलं नाही. कोणतं ‘पीअरलेस’ ठरलं होतं हा प्रश्न तर कधी तपासलाच गेला नाही, कारण प्रतिवादींचं म्हणणं वादापुरतं खरं धरलेलं होतं. माझ्या मते, या खटल्यात खात्रीने ठरलं ते एवढंच: कागद वरवर स्वच्छ दिसतो म्हणून न्यायालय डोळे मिटून बसणार नाही. कागदामागे व्यवहार कशाचा होता, हे ते विचारील. मनांच्या मीलनाचा सिद्धांत पुढच्यांनी त्यावर चढवला. आणि ते पुढचे कोण होते, ही या कथेतली विलक्षण गोष्ट आहे.

पहिला जूडा बेंजामिन. ‘पीअरलेस’ मुंबईहून सुटलं तेव्हा हा माणूस रिचमंडमध्ये होता, बंडखोर दक्षिणी राज्यांचा परराष्ट्रमंत्री म्हणून. लुइझियानाचा माजी सिनेटर, नाणावलेला वकील, आणि एके काळी ऊसमळ्याचा व गुलामांचा मालक. इंग्लंडची कापसावाचून कोंडी झाली की ते दक्षिणेला मान्यता देईल, या भरवशावर त्याच्या सरकारचं सगळं परराष्ट्र धोरण उभं होतं. १८६३ च्या मार्चमध्ये त्या सरकारने युरोपात तीस लाख पौंडांचे कर्जरोखे विकले. रोखेधारकाला पैशांऐवजी पौंडाला सहा पेन्स भावाने कापूस मिळण्याची सोय त्यात होती, पण तो नाकेबंदीच्या आत, दक्षिणेतच ताब्यात घ्यायचा होता. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिण शरण आली. बेंजामिन वेषांतर करून फ्लोरिडामार्गे पळाला, इंग्लंडला पोचला आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झाला. १८६६ साली त्याला तिथली सनद मिळाली. १८६८ साली त्याने मालविक्रीच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. परस्परसंमती आणि चूक यांची चर्चा करताना त्याने ‘पीअरलेस’चा खटला घेतला, आणि दोन जहाजांची ही गोष्ट वकिलांच्या रोजच्या वापरात आली.

दुसरा ऑलिव्हर वेंडेल होम्स. तो याच युद्धात समोरच्या बाजूने लढला. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटीटमच्या लढाईत गोळी त्याच्या मानेतून आरपार गेली. पहिलं ‘पीअरलेस’ मुंबईहून सुटायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते. १८८१ साली ‘द कॉमन लॉ’ या ग्रंथात होम्सने हा खटला उलटा वाचला. त्याचं म्हणणं, माणसाच्या मनात काय होतं याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. तो काय बोलला, याच्याशी आहे. विशेषनाम एकाच वस्तूचं असतं. तेव्हा एकाने एका जहाजाचं नाव उच्चारलं, दुसऱ्याने दुसऱ्याचं. दोन नावं केवळ ऐकायला सारखी होती. म्हणजे दोघांचे शब्दच वेगळे होते. हा युक्तिवाद देखणा आहे, पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. होम्सला सगळा करार बाह्य शब्दांवर बसवायचा होता आणि हा खटला त्या चौकटीत मावत नव्हता. मावावा म्हणून त्याने एका शब्दाचे दोन केले. लिव्हरपूलच्या चौकात दलालाने हाक दिली तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानांवर एकच शब्द पडला होता.

शब्दांना महत्त्व द्यायचं ही वाट इंग्लंडमध्येही तयार होत होती. १८७१ च्या स्मिथ विरुद्ध ह्यूजेस खटल्यात शर्यतीच्या घोड्यांच्या एका प्रशिक्षकाने ओट जुने समजून घेतले, निघाले नवे. त्याने नमुना पाहिला होता. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी सांगितलं की मनात काहीही असो, समोरच्या शहाण्या माणसाला संमतीच वाटावी असं तुम्ही वागलात तर तुम्ही बांधले गेलात. या कसोटीवरही ‘पीअरलेस’चा निकाल टिकतो. दोन जहाजांपैकी अमुकच, असं मानायला कोणालाच अधिक आधार नव्हता.

तिसरी व्यक्ती आपल्या अधिक जवळची. निकाल देणाऱ्या पोलॉक यांचा नातू, त्याचंही नाव सर फ्रेडरिक पोलॉक. हा होम्सचा जन्मभराचा पत्रमित्र आणि करारांच्या कायद्याचा मोठा भाष्यकार. १८९४ साली त्याने टागोर विधी व्याख्यानांत हिंदुस्थानातल्या कपट, अपसमज आणि चूक यांच्या कायद्याची मांडणी केली. पुढे मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला यांच्यासोबत त्याने भारतीय करार कायद्यावरचं भाष्य लिहिलं. ‘पोलॉक अँड मुल्ला’ हे नाव आपल्या कोणत्याही दिवाणी वकिलाच्या कपाटात सापडेल.

तो कायदा १८७२ चा, १ सप्टेंबरपासून अमलात आलेला. विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. मालविक्रीची कलमंही सुरुवातीला त्यातच होती, १९३० साली ती वेगळी निघाली. इंग्लंडमध्ये जे निकालांच्या ढिगाऱ्यातून वेचावं लागे, ते इथे तेराव्या कलमात एका वाक्यात आलं: दोन किंवा अधिक माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हा त्यांची संमती झाली असं म्हणायचं. विसावं कलम दोन्ही पक्षांच्या चुकीचं. त्याखालच्या पहिल्याच उदाहरणात इंग्लंडहून मुंबईला येत असलेल्या मालाचा सौदा आहे; सौद्याच्या दिवसाआधीच जहाज नष्ट झालेलं असतं आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. समुद्रातल्या मालाचा व्यापार मुंबईच्या किती अंगवळणी पडला होता, हे त्या उदाहरणावरूनही दिसतं.

व्यापाऱ्यांनी न्यायालयांची वाट पाहिली नाही. तार आली, आगबोटी आल्या, तशी सौद्याच्या कागदावर जहाजाच्या जागी महिन्याची नोंद आली. १८७५ साली मुंबईत कापूस व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि पुढे वायदेबाजारात ‘भरुच एप्रिल-मे’ हे सौद्याचं नावच होऊन बसलं. घेणाऱ्याला जे हवं होतं, ते आता उघड लिहिलं जाऊ लागलं.

मुंबईत कापसाने आणलेल्या पैशाचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. युद्धकाळातल्या त्या पाच वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा आठ कोटी पौंड जास्त आले, असा तेव्हाचा अंदाज होता. शेअरांचा ज्वर, बॅकबेच्या भरणीची कंपनी, शेअरदलाल प्रेमचंद रायचंद, आणि १ जुलै १८६५ चा तो हिशेब चुकता करण्याचा दिवस. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ज्यांच्या शेतात माल पिकत होता त्यांच्याकडेही बघायला हवं. तेजीत सावकार दख्खनच्या रयतेला हात सैल सोडून कर्ज देत होता. भाव पडले, सरकारने जमिनीचा सारा वाढवला, आणि तीच रयत कर्जरोख्यांत अडकली. रोखा सावकाराने किंवा त्याच्या कारकुनाने लिहिलेला असे. शेतकऱ्याला वाचता येत नसे. त्याने तोंडी ठरवलं एक आणि कागदावर उतरलं दुसरं, अशी तक्रार गावोगाव होती. पण कोर्टात कागद बोलत असे आणि निकाल बहुधा एकतर्फी होई. लिव्हरपूलचा व्यापारी ‘मला ते दुसरं जहाज म्हणायचं होतं’ असं सांगू शकला, कारण त्याच्यामागे मेलिश आणि कोहेन उभे होते. बारामतीकडच्या कुणब्यामागे कोणी नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत जिथे जिथे हे लोण गेलं, तिथे लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेतले गेले आणि जाळले गेले. सरकारने आयोग नेमला. त्याने कापसाच्या तेजीतलं सैल कर्ज आणि नंतरची घसरण यांचीही कारणांत नोंद घेतली. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा रोखा यापुढे गावच्या निबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच लिहायचा होता, म्हणजे कशावर सही-निशाणी होते आहे ते करणाऱ्याला कळावं. आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या न्यायालयांवर बंधन आलं, की कर्जाचा दावा समोर आला तर नुसत्या रोख्यावर न थांबता, मूळ रक्कम किती हाती पडली होती इथपासून सगळ्या व्यवहाराचा इतिहास तपासायचा आणि मगच हुकूमनामा द्यायचा.